दोनशेत सुटलो, पण पोरगं बोलेना

पत्र थोडक्यात असं : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे हे वाचक. स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो आहे, हप्ते अजून चालू आहेत. पहाटे साडेतीनला भाजी भरून शहरातल्या मार्केट यार्डात जायचं, हा रोजचा क्रम. शाळेला सुट्टी होती म्हणून त्या दिवशी बारा वर्षांचा मुलगाही सोबत होता. उजाडायच्या आधी शहराच्या वेशीवरच्या चौकात वाहतूक पोलिसानं गाडी बाजूला घ्यायला लावली. मागचा डावा दिवा बंद होता. 'काय रे, दिसत नाही का? कुणाच्या बापाचा रस्ता आहे?' इथपासून सुरुवात झाली. गाडीची चावी काढून घेतली. 'दहा हजार लागतील, नाहीतर गाडी लावून घेतो,' असं सांगितलं. (पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र, चार दिवसांपूर्वीच संपली होती.) शेवटी दोनशे रुपयांवर मिटलं, पावती नाही. मुलानं हे सगळं केबिनमधून मोबाईलवर टिपलं होतं. मेहुणा म्हणतो, व्हिडिओ टाक, नोकरी जाईल त्याची. बायको म्हणते, रोज त्याच चौकातून जायचंय, गप बसा. आणि मुलगा त्या दिवसापासून नीट बोलत नाही. 'एवढ्या मामुली कारणावरून माणसाची इज्जत काढायची, ही कुठली पद्धत? उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या पळतात, त्यांना कोण अडवत नाही. पोलीस म्हटलं की सगळे एकाच माळेचे मणी. ताई, मी काय करू?'

भाऊ,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. पीयूसीचं. त्याच्याकडे येतेच, पण आधी दिव्याचं बोलू, कारण 'मामुली' हा शब्द मला मान्य नाही.

पहाटे चारच्या अंधारात मागचा एकच दिवा लागलेला टेम्पो पाठीमागून येणाऱ्याला दुचाकीसारखा दिसतो. डावा बंद, उजवा चालू, म्हणजे मागच्या माणसाला वाटतं की डावीकडचा अर्धा रस्ता मोकळा आहे. त्यातून तो दिवा टेल लाइटचा की ब्रेकचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन्ही कामं एकाच, दोन तारांच्या बल्बवर चालतात. कधी दोन्ही तारा जातात, कधी एकच, आणि कधी बल्ब ठणठणीत असतो पण होल्डर गंजून अर्थिंग मिळत नाही. भाजीच्या गाडीत पाणी गळतं, मागचा पत्रा सतत ओला असतो, म्हणून तुमच्यासारख्या गाड्यांना हा आजार जास्त. बल्बची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. निघण्याआधी गाडी भिंतीकडे किंवा दुकानाच्या शटरकडे पाठ करून उभी करा, लाइट लावा, ब्रेक दाबा आणि आरशातून भिंतीवरचा लाल उजेड बघा. दोन्ही बाजूंना सारखा पडला तर निघा. खाली उतरायचीही गरज नाही.

उसाच्या ट्रॉल्यांचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. गळीत हंगामात आपल्या भागातल्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉली चालवणं आणि तिच्या मागे चालवणं ही दोन्ही जिवावरची कामं आहेत, आणि तिथे कारवाई किती होते ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ही तक्रार जोरात करा, मी तुमच्या बाजूनं उभी आहे. पण ट्रॉलीला कोणी अडवलं नाही म्हणून तुमचा बंद दिवा चालू होत नाही.

आता पैशाचं. दिव्यासारख्या दोषाला सहसा मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ लावतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या वेळी पाचशेपर्यंत आणि नंतर दीड हजारापर्यंत दंड आहे. दोष धोकादायक आहे आणि चालकाला माहीत होता, किंवा साध्या काळजीनं कळला असता, असं धरलं तर कलम १९०(१) लागतं, त्यातही मर्यादा दीड हजाराचीच. गाडी अडकवून ठेवण्याचं कलम वेगळं, २०७. त्यात विनालायसन, विनानोंदणी, विनापरमिट अशी प्रकरणं येतात, बंद बल्ब येत नाही. आणि गाडीची चावी उपसून घ्यायचा अधिकार मोटार वाहन कायद्यानं वाहतूक पोलिसाला दिलेला नाही.

म्हणजे दहा हजार ही थाप होती? दिव्यापुरती होय. पण पीयूसी नसेल तर कलम १९०(२) लावतात आणि त्यात दंडाची मर्यादा दहा हजारांपर्यंत आहे. त्या माणसानं तुमची कागदपत्रं बघितली, दुखरी नस सापडली आणि त्यानं आकडा सांगितला. तुम्हीही तो ऐकून हिशेब केला. पाचशेच्या दंडापेक्षा दोनशे बरे म्हणून तुम्ही दिले नाहीत, दहा हजारांपेक्षा दोनशे बरे म्हणून दिलेत. मी दोष देत नाहीये. हप्ते चालू असलेल्या गाडीवर दहा हजार म्हणजे काय, हे मला कळतं. पण रस्त्यावरचं तोडपाणी चालतं ते नेमकं यावरच. आपली एक तरी बाजू लंगडी असते आणि ती समोरच्याला माहीत असते. विमा, पीयूसी, पासिंग, परमिट, लायसन यातलं काहीही संपलेलं नसेल तर 'चलान करा साहेब, ऑनलाइन भरतो' हे वाक्य शांतपणे बोलता येतं. एखादी तारीख उलटलेली असेल तर तेच वाक्य घशात अडकतं.

या वाक्याची किंमत काय पडते तेही सांगते, कारण सल्ला देणारे ते सांगत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं जातात. कधी मुद्दाम जास्त घालवली जातात. मग रिफ्लेक्टर, प्रथमोपचार पेटी, गणवेश अशी शोधाशोध होऊ शकते. बाजार साडेपाचला लागतो आणि भाजीचा भाव तासागणिक उतरतो, हे चौकातल्या माणसालाही ठाऊक असतं. तरीही मी म्हणेन, महिन्यातून एकदा वीस मिनिटं गेली तरी चालतील. 'हा चलान घेतो, पैसे देत नाही' अशी ओळख झाली की पुढे थांबवण्याचं प्रमाण आपोआप कमी होतं, असं बरेच टेम्पोवाले सांगतात. उलट दोनशे देणाऱ्याचा नंबर लक्षात राहतो.

हे झालं दिव्याचं आणि दंडाचं. तुमची झोप उडालीय ती या दोन्हींमुळे नाही. मुलासमोर कोणीतरी तुम्हाला अरे-तुरे केलं, बाप काढला, त्यामुळे उडालीय. आणि तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे. दिवा बंद असल्याचा दंड आहे, पण माणसाला घालूनपाडून बोलण्याची मुभा त्या दंडासोबत येत नाही. पीयूसी संपली होती म्हणूनही नाही. तुम्ही मात्र सगळं एकाच गाठोड्यात बांधलंय : त्यानं अपमान केला, म्हणून दंड अन्यायाचा, म्हणून दिवा मामुली. मेहुण्याचा आणि बायकोचा वादही त्या गाठोड्यावरूनच चाललाय. सोडवून बघा. दिवा आणि पीयूसी तुमच्याकडे. अपमान आणि बिनपावतीचे पैसे त्याच्याकडे.

सगळे एकाच माळेचे मणी, असं तुम्ही लिहिता. पण तुमच्याच पत्रात दुसऱ्या पानावर एक महिला पोलीस आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी तुम्हाला थांबवलं, इंडिकेटर दाखवला, 'पुढच्या गॅरेजला बसवून घ्या, उद्या बघते हं' म्हणाल्या आणि सोडलं. दुसऱ्या दिवशी खरंच बघितलं, असंही तुम्ही लिहिलंय. वाचताना मला हसू आलं, कारण त्या आठवणीत तुमचा सूर एकदम बदलतो. त्यांनी दंड केला असता तरी तुम्ही एवढे चिडला नसता, अशी माझी खात्री आहे.

माझ्या ओळखीत वाहतूक शाखेतून निवृत्त झालेले एक हवालदार आहेत. ते म्हणतात, चौकात पहिल्या दहा सेकंदांत सगळं ठरतं आणि दोन्ही बाजूंनी चुकतं. काच अर्धी खाली करून जागेवरून बोलणारा चालक पोलिसाला मग्रूर वाटतो. घाईघाईनं उतरून गाडीच्या मागे यायला लागला, तर तोडपाणी करायला आलाय असं वाटतं. बारा तास धुरात उभा असलेला माणूस मग समोरच्याचं ऐकून घेत नाही, पहिल्या वाक्यालाच चढ्या आवाजात जातो. हे सांगून ते पुढे म्हणाले, 'पण शिवी ही सवय आहे, थकवा नाही.' हे त्यांचं वाक्य मला पटलं.

आता व्हिडिओ. मेहुण्याचा सल्ला ऐकायला झणझणीत आहे, पण त्या व्हिडिओत काय दिसतं ते नीट आठवा. तुम्ही लिहिलंय की नोटा देतानाचं 'सगळं स्पष्ट आलंय'. म्हणजे घेणारा हात दिसतो तसा देणाराही दिसतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सूट आहे, पण दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावं लागतं. तुमच्या पत्रातल्या तारखेवरून तीन आठवडे उलटून गेलेत. तो व्हिडिओ उद्या गावभर फिरला तर त्या पोलिसाची चौकशी होईल, तशी तुमचीही होऊ शकते. शिवाय त्यात मुलाचा आवाज आहे, तुमची नंबर प्लेट आहे, आणि खालच्या प्रतिक्रिया वाचणार आहे तो मुलगाच. 'ड्रायव्हर पण चोर, पोलीस पण चोर' हे त्यानं बापाबद्दल वाचावं का? टाकू नका. पुसूनही टाकू नका. एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा.

तुमच्यासारख्या वाचकांसाठी इथेच एक सांगते. सार्वजनिक रस्त्यावर चित्रण केलं की लगेच '३५३ लावतील' ही भीती सगळीकडे आहे. भारतीय दंड संहितेतलं ते जुनं कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ झालंय आणि ते आहे सरकारी नोकराच्या अंगावर जाण्याबद्दल, बळ वापरण्याबद्दल. नुसत्या चित्रणाला ते लागू होत नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तर पोलीस ठाणंही शासकीय गुपितं कायद्यातलं (ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट) 'प्रतिबंधित ठिकाण' नाही असं म्हणत ठाण्यातल्या चित्रणावरून दाखल झालेला त्या कायद्याखालचा गुन्हा रद्द केला. तरीही मोबाईल समोरच्याच्या नाकासमोर धरू नका, ते भांडणाचं निमंत्रण ठरतं. काचेला कायमचा लावलेला डॅशकॅम सगळ्यात बरा. तो कोणाच्या विरोधात उचललेला नसतो, आधीपासून चालूच असतो, आणि तो लाल ठिपका दिसला की पुष्कळांची भाषा सुधारते.

तक्रार करावी का? करावी, असं माझं मत आहे, पण शिव्यांची आणि चावीची. शहरात आयुक्तालय असेल तर वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांकडे, ग्रामीण हद्द असेल तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. साधा एक पानी अर्ज. तारीख, वेळ, चौक, गाडीचा नंबर, छातीवरच्या पट्टीवरचं नाव दिसलं असेल तर तेही. दिवा बंद होता आणि पीयूसी संपली होती, हे पहिल्याच ओळीत स्वतःहून लिहा. त्यानं अर्ज कमकुवत होत नाही, उलट वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातातला पहिला प्रश्नच जातो. त्यानंतर काय शब्द वापरले ते जसेच्या तसे. 'अत्यंत उद्दाम व अपमानास्पद वर्तन' वगैरे लिहू नका. 'कुणाच्या बापाचा रस्ता आहे, असं माझ्या बारा वर्षांच्या मुलासमोर म्हणाले' एवढं पुरे. बदली करा, निलंबित करा असल्या मागण्या नकोत. समज द्यावी आणि काय केलं ते मला कळवावं, एवढंच मागा. तेवढं मागितलं तर मिळण्याची शक्यता असते.

पैशांचा उल्लेख अर्जात कसा करायचा हे मात्र वकिलाला विचारून ठरवा. लपवा असं मी म्हणत नाही. कोणत्या शब्दांत आणि कोणापुढे सांगायचं, हे कायदा जाणणाऱ्यानं सांगितलेलं बरं. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर वकील मोफत मिळतो. १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं. ज्यांच्याकडे कोणी पैसे मागितलेत पण अजून दिलेले नाहीत, त्यांच्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ आहे. चौकातल्या दोनशे रुपयांसाठी सापळा लावायला वेळच नसतो हे खरं, पण दरमहा 'एंट्री', म्हणजे ठरलेली लाच, मागितली जात असेल तिथे तो क्रमांक नक्की कामाचा.

बायकोची भीती खोटी नाही. रोज तिथूनच जायचंय. म्हणून एकट्यानं जाऊ नका. मार्केट यार्डात टेम्पोवाल्यांची संघटना असतेच. त्याच चौकात तशीच भाषा ऐकलेले आणखी कोणी असतील, तर प्रत्येकानं आपापल्या सहीचा वेगळा अर्ज द्या, पण एकाच दिवशी द्या. एका अर्जाच्या मागे एक चेहरा दिसतो, पाच अर्जांच्या मागे चौक दिसतो. आणि अर्ज द्यायच्या आधी पीयूसी काढा, दिवा बसवा, विमा आणि पासिंगच्या तारखा बघा. बायकोला हे सांगितलंत तर तिचा विरोध निम्मा होईल असं वाटतं, कारण तिला पोलिसापेक्षा जास्त काळजी पुढच्या दंडाची असावी.

मुलाचं सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण ते अवघड आहे. तुम्ही म्हणता, 'पोराच्या नजरेतून उतरलो, गप्प बसलो म्हणून.' मला तसं वाटत नाही. त्यानंतरचं तुम्ही सहज लिहून गेलात : यार्डात चहाच्या टपरीवर तुम्ही चारचौघांना हसत सांगितलंत, 'दोनशेत सुटलो, नाहीतर दहा हजाराला बसला असता.' सगळे हसले. पोरगं शेजारीच उभं होतं. अर्ध्या तासापूर्वी त्यानं बापाला मान खाली घालून उभं राहिलेलं पाहिलं, व्हिडिओ काढताना त्याचा हात थरथरत होता असं तुम्हीच लिहिलंय, आणि आता बाप तीच गोष्ट जिंकल्यासारखी सांगतोय. यातलं खरं कोणतं, हे त्याला कळलं नसेल. तुम्ही गप्प बसलात याचा राग त्याला आला असेलही, पण मला वाटतं तो टपरीवरच्या हसण्यात अडकलाय.

त्याच्याशी बोला, पण समोर बसवून व्याख्यान नको. दिवा बसवताना त्याला सोबत घ्या, टॉर्च त्याच्या हातात द्या. काम करता करता सांगा की दिवा बघायचा राहिला होता, पीयूसीही राहिली होती, भीती वाटली म्हणून पैसे दिले, आणि तो माणूस जे बोलला ते चुकीचंच होतं. त्यानं विचारलं, 'मग तुम्ही उलट का नाही बोललात?' तर खरं ते सांगा. तू सोबत होतास, चावी त्याच्या हातात होती, गाडीत दुसऱ्यांचा माल होता. बारा वर्षांच्या मुलाला हे कळतं. अर्ज लिहाल तेव्हा त्यालाच लिहायला बसवलंत तरी चालेल, अक्षर तुमच्यापेक्षा बरं असेल.

पुढच्या वेळी कोणी थांबवलं तर, आणि हे सगळ्याच चालकांना सांगते : डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, इंजिन बंद करून चावी खिशात ठेवा, अंधार असेल तर केबिनचा दिवा लावा. काच पूर्ण खाली. 'साहेब, काय झालं?' एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. गणवेशातल्या पोलिसानं मागितलं तर लायसन दाखवणं तुमचं काम आहे, पण ते डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमधलंही चालतं. केंद्रीय नियमांत तशी तरतूद आहे, आणि तपासणी कोणी, कधी केली याची नोंद पोर्टलवर व्हावी, असंही २०२० पासून त्या नियमांत लिहिलंय. चालकांना पुन्हा पुन्हा अडवून त्रास होऊ नये हाच त्यामागचा हेतू. दंड जागेवरच रोख भरला पाहिजे असं नाही. ई-चलान झालं की महाट्रॅफिकच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं, चुकीचं असेल तर तिथेच हरकत घेता येते. व्हॉट्सॲपवर 'चलान' म्हणून एखादी एपीके (ॲप बसवणारी) फाइल आली तर ती मात्र उघडू नका, ती फसवणूक आहे. खरी चलानं साठवूनही ठेवू नका, नाहीतर लोक अदालतीची नोटीस येते आणि पासिंगच्या वेळी सगळी एकदम अंगावर येतात.

अर्ज देताना दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन माहिती अधिकारात 'माझ्या अर्जावर काय कारवाई झाली' एवढा एकच प्रश्न विचारा.